बोकडाच्या लॉटसाठी किसान क्रेडिट कार्ड: ईदेच्या तारखेपासून मागे मोजत या

माझ्या पहिल्या लॉटचं कर्ज हातात पडलं जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात. बकरी ईद होती जूनच्या पहिल्या आठवड्यात. दहा बोकडं तयार करायला मला दोनशे दिवस हवे होते, उरले होते सव्वाशे. राहिलेले दिवस मी मक्याचा भरडा वाढवून भरून काढायला गेलो आणि चौथ्या दिवशी सकाळी दोन बोकडं गव्हाणीपाशी आडवी पडलेली. विमा काढून जेमतेम नऊ दिवस झाले होते, त्यामुळे दावाही बसला नाही.

कर्ज चुकीचं नव्हतं. व्याजही फार नव्हतं. तारीख चुकली होती. म्हणून ही माहिती नेहमीसारखी अर्जापासून सुरू न करता विक्रीच्या दिवसापासून मांडतो. दोन-चार शेळ्या दावणीला आहेत आणि पाच-दहा बोकडं खुराकावर लावून विकायचा विचार आहे, अशांसाठी हे आहे. शंभर शेळ्यांचा फार्म काढायचा असेल तर तो वेगळा मामला, त्यावर पुढे दोन ओळी आहेत.

(बोकडच का, असं विचारणाऱ्यांसाठी: महाराष्ट्रात २०१५ पासून गायींबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. मांसासाठी जनावर वाढवायचं तर आपल्याकडे शेळी-मेंढी आणि रेडकू हेच उरतात. त्यात कमी पैशात सुरू होतो तो बोकडाचा धंदा.)

१. आधी विक्रीची तारीख ठरवा

ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०२५ मध्ये ती ७ जूनला होती, २०२६ची मेच्या अखेरीस, २०२७ची मेच्या मध्यावर येते. गेल्या वर्षीच्या तारखेवर लॉट लावणारे दरवर्षी फसतात. माल ईदेच्या पंधरा-वीस दिवस आधी निघायला लागला पाहिजे, कारण आदल्या आठवड्यात बाजार चढेल की कोसळेल हे कुणालाच सांगता येत नाही. आणि ईद संपली की त्याच बोकडाला खाटीक मटणाच्या हिशेबानेच मागतो.

कुर्बानीच्या बोकडाला वर्ष पूर्ण झालेलं लागतं. गिऱ्हाईक वय विचारत बसत नाही, खालचा ओठ उचलून दात बघतो. ‘दोनदाती’, म्हणजे दोन पक्के दात आलेला, असेल तर पुढचं बोलणं. मग कान उलटून पाहणार, शिंग मोडलंय का, लंगडतोय का, आणि शेवटी कमरेवर पंजा दाबून मांस चाचपणार. करडू निवडतानाच हे सगळं तुम्ही बघून ठेवायचं.

ईद जमणार नसेल तर दुसरे बाजार आहेतच: चैत्र-वैशाखातल्या जत्रा, आखाड, धुळवड, ३१ डिसेंबर. पण श्रावण, पितृपक्ष, नवरात्र आणि मार्गशीर्षात मागणी पडते हे विसरू नका. कर्जाची मुदत श्रावणात संपत असेल तर तुम्हाला पडत्या भावात विकूनच ते भरावं लागेल.

आता मागे मोजू. समजा ईद १७ मेच्या आसपास आहे. माल एप्रिलच्या अखेरीस तयार पाहिजे. दोनशे दिवस मागे गेलं की ऑक्टोबरचा मध्य येतो. त्याआधी जंतनाशक, लसी आणि विमा यांना महिनाभर. म्हणजे पैसे सप्टेंबरमध्ये खात्यात पाहिजेत आणि अर्ज जुलै-ऑगस्टमध्ये गेला पाहिजे. ऑक्टोबरात सहा-सात महिन्यांचं असलेलं करडू, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये जन्मलेलं, ईदेला तेरा-चौदा महिन्यांचं होतं. त्याहून लहान घेतलं तर वजन भरेल पण दात येणार नाहीत.

२. कोणतं कर्ज कशासाठी, ते समजून घ्या

नवखे लोक सर्वांत जास्त इथेच गोंधळतात. ‘शेळीचं लोन’ अशी एकच वस्तू नाही.

किसान क्रेडिट कार्ड (पशुसंवर्धन): पीककर्जाचंच कार्ड २०१९ पासून पशुपालनालाही लागू झालं. पण ते खेळत्या भांडवलासाठी आहे: चारा, खुराक, औषधपाणी, मजुरी, पाणी, वीज. करडं विकत घ्यायला किंवा शेड बांधायला ते नाही, त्यासाठी मुदत कर्ज लागतं. दोन लाखांपर्यंत व्याज ७ टक्के, आणि वेळेत फेडलं तर ३ टक्के सवलत, म्हणजे ४ टक्क्यांत पडतं. पीककर्जाचं कार्ड आधीपासून असेल तर दोन्ही मिळून तीन लाखांच्या मर्यादेत ही सवलत बसते. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंतच्या शेती व जोडधंद्याच्या कर्जाला तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. मॅनेजर साहेबांनी तारणाचा विषय काढला तर नम्रपणे हे आठवून द्या.

पीककर्ज वेळेत फेडलं की आपल्याकडे शून्य टक्के पडतं, म्हणून हेही शून्य टक्क्याने मिळेल असं धरून चालू नका. ती राज्याची सवलत पीककर्जाची आहे.

बचत गटाचं कर्ज: घरातली बाई गटात असेल तर करडं घ्यायला हा सर्वांत सरळ मार्ग. आमच्याकडे शेळ्या तशाही बायकांच्याच हातच्या, तेव्हा कर्जही त्यांच्या नावावर असलेलं बरं. गट नियमित असेल तर फार कागद लागत नाहीत.

मायक्रोफायनान्स: पैसे चार दिवसांत घरी येतात, हे खरं. पण हप्ता लगेच पुढच्या पंधरवड्याला किंवा महिन्याला सुरू होतो आणि बोकड तर सात महिन्यांनी विकायचा आहे. मग हप्त्यासाठी अर्धवट वाढलेलं जनावर बाजारात जातं. माझ्या शेजारच्या वस्तीवर तिघांचे लॉट असेच मोडले. व्याजाचा दर बाजूला ठेवला तरी हप्त्याची चाल या धंद्याला जुळत नाही.

अनुदानाच्या योजना: पशुसंवर्धन विभागाची १० शेळ्या आणि १ बोकड अशी गटवाटपाची योजना आहे. त्यात अनुसूचित जाती-जमातींना ७५ टक्के आणि सर्वसाधारण प्रवर्गाला ५० टक्के अनुदान असतं. राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० शेळ्या आणि ५ बोकडांपासून पुढे ५० टक्के भांडवली अनुदान आहे, १०० शेळ्यांना कमाल १० लाख. दोन्ही योजना पैदाशीच्या आहेत, खुराकावर लावून विकायच्या नाहीत. ‘पन्नास टक्के माफ करून देतो, दहा हजार आधी द्या’ म्हणणारा दर तालुक्यात एकजण असतो. त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

माझं मत विचाराल तर पहिला लॉट स्वतःच्या शेळ्यांच्या करडांचाच लावा. करडं घरची, कर्ज फक्त खुराकाचं. विकतच्या करडांबरोबर रोगही विकत येतात, आणि कर्जही दोन-दोन होतात.

३. हिशेब कागदावर लिहून बघा, मग बँकेत जा

दहा बोकडांचा माझा हिशेब असा असतो. भाव समजायला सोपे जावेत म्हणून धरलेत, तुमच्या बाजाराचे टाका.

ऑक्टोबरात करडू १४ किलोचं, जिवंत वजनाला ४०० रुपये किलो धरले तर ५,६०० रुपये. घरचं असलं तरी ही किंमत मांडायचीच, नाहीतर नफा खोटा दिसतो. रोज सरासरी पाव किलोच्या थोडा वर खुराक, दोनशे दिवसांत ५५ किलो, तीस रुपयांनी १,६५०. चारा रोज पाच रुपयांचा म्हणजे १,०००. लस, जंतनाशक, विमा ३५०. एकूण ३,००० रुपये एका बोकडावर. रोज ८० ग्रॅम वाढ मिळाली तर १६ किलो चढून बोकड ३० किलोचा होतो, १२,००० रुपये. हातात ३,४०० उरले, त्यातून व्याज आणि गाडीभाडं.

म्हणजे दहांत एक मेला की त्याचा खर्च भरून काढण्यात उरलेल्यांतल्या अडीच बोकडांचा नफा गेला. हे आकडे मी गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवलेत.

व्याजाचंही बघा. तीस हजार रुपये दोनशे दिवस वापरले तर ७ टक्क्यांनी सुमारे १,१५० रुपये, ४ टक्क्यांनी ६६० च्या आसपास. तेच सावकाराकडून महिना शेकडा तीनने घेतले तर सहा हजारांच्या घरात जातात. दोन बोकडं नुसती त्यालाच वाढवली म्हणायची.

एका जनावरामागे बँक किती देणार हे साहेबांच्या मर्जीवर नसतं. जिल्हास्तरीय तांत्रिक समिती दरवर्षी जनावरानुसार कर्जाचा दर ठरवते. ‘शेळी-मेंढीचा या वर्षीचा दर किती?’ एवढं आधी विचारून घ्या, म्हणजे किती बोकडं दाखवायची ते कळेल. गोठ्यात सहा असताना वीस दाखवायचा मोह आवरा, पाहणी होते.

४. कागदपत्रं

- आधार, पॅन, फोटो, आणि आधार जोडलेलं बँक खातं
- सातबारा आणि ८-अ, शेतकरी ओळख क्रमांक (ज्यांची जमीन आहे त्यांनी)
- शेड तुमच्या नावावर असल्याचा ग्रामपंचायतीचा उतारा, नाहीतर भाडेकरार किंवा संमतीपत्र
- किती जनावरं आहेत याचा पशुवैद्यकीय दवाखान्याचा दाखला, कानातल्या १२ अंकी बिल्ल्याच्या नंबरांसह
- गावच्या सोसायटीचा आणि जवळच्या बँकांचा बेबाकी दाखला (देणं बाकी नसल्याचा), शाखा मागेल तिथे
- शेडचे आणि जनावरांचे फोटो

सातबारा नाही म्हणून अर्जच करता येत नाही, हे खरं नाही. शेळी-मेंढीसाठी अट शेडची आहे: स्वतःचं, भाड्याचं किंवा कराराने घेतलेलं. भूमिहीनांना चार-दहा जणांचा संयुक्त देयता गट (एकमेकांच्या कर्जाला जबाबदार राहणारा) करूनही जाता येतं.

माझा अर्ज अडला तो तिसऱ्या कागदावर. बँकेतल्या मॅडमनी विचारलं, ‘शेड कुणाच्या नावावर?’ म्हटलं, ‘थोरल्या भावाच्या.’ ‘मग त्यांचं संमतीपत्र?’ भाऊ त्या वेळी ऊसतोडीला गेलेला. सहीसाठी तो येईपर्यंत दिवाळी गेली, संक्रांत गेली. घर वेगळं झालेलं असतं पण गोठा अजून वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर असतो, ही बहुतेकांची अवस्था. हा कागद सर्वांत आधी करा.

५. बँकेत

अर्ज देताना पोच घ्या, तारीख आणि शिक्क्यासकट. अर्ज पूर्ण असेल तर १४ दिवसांत निर्णय व्हायला हवा, पण पोच नसेल तर चौदा दिवस मोजणार कुठून? तीन लाखांपर्यंतच्या कार्डाला प्रक्रिया शुल्क, पाहणी शुल्क घ्यायचं नाही असं ठरलेलं आहे. कापलं तर लेखी कारण मागा.

दोन गोष्टी तोंडाने विचाराच. पहिली, हे खातं ‘केसीसी (किसान क्रेडिट कार्ड) पशुसंवर्धन’ म्हणूनच उघडलंय ना? कधीकधी काम लवकर उरकावं म्हणून सोनेतारण किंवा साधं कर्ज दिलं जातं आणि व्याज सवलत गायब होते. दुसरी, किसान ऋण पोर्टलवर नोंद झाली का? ७ आणि ४ टक्क्यांचा सगळा खेळ त्या नोंदीवर आहे.

शाखेने उगाच टोलवाटोलवी केली तर भांडत बसू नका. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेत जिल्हा व्यवस्थापक असतात, त्यांच्याकडे पोचेची झेरॉक्स लावून अर्ज द्या. बऱ्याच वेळा तेवढ्याने काम हलतं.

६. पैसे लागतील तसे उचला

कार्डाचं खातं कॅश क्रेडिटचं असतं, जेवढी रक्कम बाहेर तेवढ्यावरच व्याज. सगळी रक्कम एकदम काढून घरात आणली की ती खुराकात जात नाही, पोराच्या फीमध्ये आणि पाहुण्यांच्या लग्नात जाते. अनुभवाचे बोल आहेत. मी आता तीन वेळा उचलतो. सप्टेंबरमध्ये लस-विमा आणि पहिल्या दोन महिन्यांचा खुराक. मग जानेवारी-फेब्रुवारीत, कारण तेव्हा तूर-हरभऱ्याचा भुसा आणि ज्वारीचा कडबा खळ्यावरच स्वस्त मिळतो. एप्रिलमध्ये तोच दामदुप्पट. तिसरी उचल शेवटच्या साठ दिवसांच्या खुराकाची.

पेंड-भरड्याची बिलं जपून ठेवा. पुढच्या वर्षी मर्यादा वाढवून मागताना तीच कामाला येतात.

७. लस आणि विमा खुराकाच्या आधी

कर्ज बुडतं ते बोकड मेल्याने, आणि खुराकावरचं बोकड मरतं ते बहुधा आंत्रविषाराने नाहीतर पोट बिघडून. एकदम धान्य पोटात गेलं की पोटातलं आम्ल वाढतं, आतड्यात विष तयार होतं, आणि संध्याकाळी टुणटुणीत असलेलं जनावर सकाळी गेलेलं असतं. माझी दोन अशीच गेली. मी पाव किलोवरून एका दिवसात अर्धा किलोवर नेलं होतं.

आंत्रविषाराची लस द्या, पहिल्यांदा देत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी बूस्टरही. पीपीआर या शेळ्यांच्या साथीच्या रोगाची लस झालीय का ते दवाखान्यात तपासा. जंतनाशक द्या. मग खुराक ५० ग्रॅमपासून सुरू करून तीन आठवड्यांत वाढवा, दिवसातून दोनदा, आणि आधी कोरडा चारा खाऊ घालून. मक्याचा भरडा, शेंगदाणा पेंड, तुरीची चुणी, गव्हाचा कोंडा, मीठ आणि मिनरल मिक्सचर. नरांना धान्यावर मूतखड्याचा त्रास होतो, तेव्हा पाणी दिवसभर समोर हवं. बोकड पाठ वाकवून कुंथत असेल आणि लघवी थेंब थेंब होत असेल तर झाडपाल्यात वेळ घालवू नका. १९६२ वर फोन लावा, फिरतं पशुवैद्यकीय पथक येतं.

विम्याचं एवढंच ध्यानात ठेवा: बिल्ला नाही तर दावा नाही, आणि पॉलिसी सुरू झाल्यावर पहिले पंधरा दिवस आजाराने मेलं तर पैसे मिळत नाहीत. म्हणून विमा आधी, मग एकविसाव्या दिवसापासून खुराकाची चढती कमान. केंद्राच्या पशुधन विमा योजनेत २०२४ पासून आपला हिस्सा हप्त्याच्या १५ टक्केच आहे, दवाखान्यात विचारा. जनावर मेलं तर पुरायची घाई करू नका. कंपनीला कळवा, बिल्ल्यासकट फोटो काढा, डॉक्टरांकडून शवविच्छेदन करून घ्या.

बिल्ला मारताना कान फाटू देऊ नका, गिऱ्हाईक कान बघतं हे वर सांगितलंच.

८. विक्री

शक्य तोवर वजनावर विका. नगावर उक्तं विकलं की व्यापाऱ्याची नजर तुमच्यापेक्षा दोन किलोंनी नेहमीच पक्की असते. लोणंद किंवा चाकणसारख्या मोठ्या बाजारात जाणार असाल तर आदल्या आठवड्यात मोकळ्या हाताने एक चक्कर मारा. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो, तिथे पहिल्याच दिवशी माल घेऊन उभं राहिलात तर हेडी (जनावरांचा दलाल) तुम्हाला विकून मोकळा होईल आणि तुम्हाला कळणारही नाही. घरी ताणकाटा घ्या, दर पंधरा दिवसांनी वजन करा, वहीत मांडा. सलग दोन वेळा वजन चढलं नाही तर ते बोकड आजारी आहे किंवा तयार झालेलं आहे. दोन्ही बाबतीत त्याला खाऊ घालत राहणं तोट्याचं.

सगळी दहा एकदम काढू नका, दोन खेपांत काढा. पहिल्या खेपेच्या पैशातून कर्ज भरून टाका, दुसरी खेप भावासाठी थांबवता येते. उधारीवर ईदेचा माल देऊ नका. ईद झाल्यावर त्या माणसाचा फोन लागत नाही.

९. भरणा, आणि ‘नवं-जुनं’

मुदतीच्या आत, मुद्दल आणि व्याज दोन्ही भरलं तरच ३ टक्के मिळतात. एक दिवस उशीर झाला तरी गेले. शेवटच्या तारखेला सर्व्हर बंद असतो असं धरून चाला आणि आठवडाभर आधी भरा.

काही जण मुदत आली की सावकाराकडून दोन दिवसांसाठी पैसे आणून खात्यात भरतात, लगेच पुन्हा उचलून त्याला परत देतात. गावभाषेत हे नवं-जुनं. कागदावर खातं चोख दिसतं, पण प्रत्येक वेळी सावकाराचे आणि मध्यस्थाचे पैसे वाढत जातात आणि मूळ कर्ज जिथल्या तिथे. एकदा करावं लागलं तर समजू शकतो, दुसऱ्यांदा करायची वेळ आली तर लॉट लहान करा.

भरण्याची पावती घ्या. ३ टक्क्यांची रक्कम लगेच जमा होत नाही, बँकेकडून मागाहून येते. दोन-तीन महिन्यांनी पासबुक भरून आणा आणि ती नोंद शोधा. माझी पहिल्या वर्षीची आली नव्हती. आधार खात्याला जोडलेलं होतं, पण नावात आडनाव आधी आणि आधारवर शेवटी. ते दुरुस्त करायला दोन हेलपाटे पडले, मग पैसे जमा झाले.